आनंद होऊ नये या अटीवर

फादर हॉलच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. आम्ही थांबलो. सगळे एकदम नाही थांबलो. ज्याला ज्याला ते दिसले तो तो थांबला. कायतानकाकांची दाराकडे पाठ होती, म्हणून त्यांचा कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, एकटाच थोडा पुढे गेला. ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडला असता असं मात्र नाही. वाजवत होतो तो तुकडाच तसा होता.

फादरांना एवढं कळलं होतं की ऐन उपवासकाळात त्यांच्या हॉलमध्ये बँड वाजतोय आणि त्यात सॅक्सोफोन आहे.

"इनास," ते मला म्हणाले, "हे काय चाललंय?"

प्रश्न साधा होता, उत्तर साधं नव्हतं.

मी वसईतल्या सांडोरचा. आमच्या गावच्या शाळेत जुन्या फादरांनी आम्हा मुलांना नोटेशन वाचायला शिकवलं होतं. नोटेशन म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं संगीत. हेतू असा की आम्ही चर्चमध्ये गावं, वाजवावं. मी ते ज्ञान उचललं आणि मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलच्या डान्स बँडमध्ये नेऊन विकलं. लढाईच्या काळात गोरे सोल्जर रात्र रात्र नाचत आणि मी रात्र रात्र आल्टो सॅक्सोफोन वाजवत असे. मग स्वराज्य आलं, पाठोपाठ दारूबंदी आली. लिंबाचं सरबत पिऊन कोणी फार वेळ नाचत नाही. हॉटेलने आधी बँड लहान केला, मग बंद केला. मी गावी परत आलो आणि लग्नांत वाजवणाऱ्या कायतानकाकांच्या बँडमध्ये उभा राहिलो. उभा म्हणजे अक्षरशः उभा. वाळूतून चालत वाजवायचं, पुढे नवरानवरी आणि मागे धुरळा.

मुंबईच्या त्याच हॉटेलात दुपारच्या चहाच्या वेळी पियानो वाजवणारे एक साहेब होते. एमील साहेब. युरोपातून जीव वाचवून आलेले. तिकडे ते संगीत लिहीत. इथे आल्यावरही लिहीत, फक्त ते कोणी वाजवत नसे. त्यांनी सॅक्सोफोनसाठी एक मोठी रचना केली होती. मुख्य वाद्य सॅक्सोफोन, साथीला फुंकीची बाकीची वाद्यं आणि ढोल. शास्त्रीय, पण आजचं शास्त्रीय. म्हणजे जुने उस्ताद ज्याला संगीत म्हणणार नाहीत असं.

आता एक धंद्यातली गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात प्रत्येक वाद्याची ठरलेली खुर्ची असते. व्हायोलिनवाल्यांना रांगाच्या रांगा, बासरीवाल्याला एखादी. सॅक्सोफोनला नाही. कारण ऑर्केस्ट्राची बहुतेक घराणेदार रचना झाली तेव्हा हे वाद्य जन्मालाच आलं नव्हतं. म्हणून त्याच्यासाठी कोणी लिहिलं नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणून खुर्ची नाही. मुंबईत तेव्हा संगीतप्रेमी लोकांची एक सोसायटी पगारी ऑर्केस्ट्रा उभा करत होती. तिचे सेक्रेटरी एमील साहेबांना म्हणाले, ईस्टरच्या आधी तुमचा तुकडा कमिटीला ऐकवा. सॅक्सोफोनशिवाय चालणार नाही असं आम्हाला वाटलं, तर एक खुर्ची त्याचीही ठेवू.

ती खुर्ची मला हवी होती. फार हवी होती. माझ्या पायांना आणि माझ्या बायकोला, दोघांनाही.

मुंबईतले वादक फुकट तालीम करायला तयार नव्हते. मी साहेबांना म्हटलं, आमच्या वसईला या. आमचा अख्खा बँड नोटेशन वाचतो, आणि उपवासकाळात सगळे रिकामे असतात. आमच्यात राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत लग्नं लागत नाहीत. बँडवाल्याला ती सक्तीची सुट्टी. वेळ होता, माणसं होती, हॉल होता. एकच गोष्ट मी सोयीने विसरलो होतो. लग्नं ज्या कारणाने लागत नाहीत, त्याच कारणाने वाजंत्रीही वाजत नाही. प्रायश्चित्ताचे दिवस. हसणं बेताचं, खाणं बेताचं, गाणंबजावणं बंद.

हे सगळं फादरांना कसं सांगायचं? मी म्हटलं, "फादर, हे लग्नाचं संगीत नाही. शास्त्रीय आहे. गंभीर आहे. तुम्ही स्वतःच ऐका."

फादर बसले. एमील साहेबांनी त्यांना वाकून नमस्कार केला, ताल दाखवायची छडी उचलली आणि आम्ही पहिला भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. फादर चर्चचा ऑर्गन बरा वाजवत, त्यांना कान होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. मधूनमधून त्यांच्या कपाळावर आठी यायची, दाढदुखीत येते तशी. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"इनास," शेवटी ते म्हणाले, "उपवासकाळात बंदी आहे ती आनंदाच्या संगीतावर. ह्यातून कोणाला आनंद होईल असं मला वाटत नाही. चालू द्या. पण ह्याने कोणाला आनंद झाला असं माझ्या कानावर आलं, तर त्या दिवशी हॉलची किल्ली परत."

साहेबांनी मला विचारलं, फादर काय म्हणाले. मी सांगितलं, त्यांना रचना फार गंभीर वाटली. साहेब खूश झाले. युरोप सोडल्यापासून इतकं बरं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

तालीम सुरू झाली. साहेब आठवड्यातून काही दिवस वसई रोडला उतरून टांग्याने येत, अंगात काळा कोट. दुपारचं जेवण बस्त्यावकाकांकडे. त्यांची केळीची वाडी हॉलच्या मागेच, आणि गावात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा हट्ट.

रचनेचा नियम मला साहेबांनी समजावला, मी तो बँडला समजावला. सप्तकात काळ्यापांढऱ्या पट्ट्या धरून बारा स्वर. बाराही एकदा वाजल्याशिवाय वाजून गेलेला स्वर पुन्हा घ्यायचा नाही. मी म्हटलं, पंगतीत वाढतो तसं समजा. सगळ्यांच्या पानात एकदा पडल्याशिवाय पहिल्याला दुसऱ्यांदा वाढायचं नाही. हे सगळ्यांना पटलं, एकट्या कायतानकाकांना सोडून.

"वाढतोस ते कळलं," ते म्हणाले. "पन जेवन काय हाय? चाल कुठंय?"

मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, चाल नाही, तीच तर गोष्ट आहे. कायतानकाकांनी कॉर्नेटमधलं पाणी झटकलं आणि त्यानंतर कधी विचारलं नाही. लग्नाच्या बँडमध्ये पुढाऱ्याचा शब्द मोडायचा नाही ही त्यांचीच शिस्त होती.

पहिला भाग आडमुठा होता. तिसरा आडमुठा आणि शिवाय वेगवान. मधला दुसरा भाग संथ होता आणि तो सगळा माझा होता. बाकीचे हळू साथ धरून बसायचे आणि सॅक्सोफोन खालच्या सुरातून एकटा वर यायचा. तिथेही नियम तोच, बारा स्वरांचा. पण पत्ते पिसताना एखाद्या वेळी चांगला हात लागतो, तसे ते स्वर लागले होते. तोंडात बसत होते. सॅक्सोफोनच्या तोंडाशी रीड असते, बोरूसारख्या गवताची पातळ पट्टी. तिच्यावर ओठ किती दाबायचा यावर सगळा आवाज. इतकी वर्षं मी ती पट्टी नाचणाऱ्यांसाठी जोरात दाबत आलो होतो. या भागात पहिल्यांदा कोणी मला सांगितलं की हलकेच दाब, वाट बघ, श्वास पुरव. मी तो भाग वाजवायचो तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटायचा. हॉटेलात तसं कधी वाटलं नव्हतं.

घोटाळा असा की इतरांनाही बरं वाटायला लागलं. पाण्याला जाणाऱ्या बाया खिडकीशी रेंगाळू लागल्या. ढोलवाल्याला दुसऱ्या भागात काम नव्हतं, तो डोळे मिटून डोलायचा. मी सगळ्यांना ताकीद दिली. पाय हलवायचा नाही, मान हलवायची नाही, चेहरे पाडून वाजवा. खिडकीतल्या बायांनाही म्हटलं, उभ्या राहा, पण तोंडं जरा सुतकी ठेवा. जन्मभर मी श्रोत्यांना खूश करायला वाजवलं, आणि इथे उलटा धंदा करत होतो.

सगळ्यांना सांगितलं, फक्त बस्त्यावकाकांना सांगायचं राहून गेलं. ते हॉलमध्ये कधी येतच नसत. हॉलमागे त्यांचा रहाट होता. रेडा गोल गोल फिरतो, विहिरीतून पोहरे वर येतात, पाटातून पाणी केळींना जातं. रेड्यामागे चालताना माणूस काहीतरी पुटपुटत असतो, नाहीतर रेडा थांबतो. भिंतीपलीकडून रोज तोच भाग ऐकून बस्त्यावकाका त्याची शीळ घालायला लागले. चाल रेड्याच्या पावलाला बरोबर बसली.

एका सकाळी फादर कोणा आजाऱ्याला बघून वाडीतून परतत होते. त्यांनी शीळ ऐकली. आम्ही तालमीत असताना ते बस्त्यावकाकांना घेऊनच हॉलमध्ये आले. काकांच्या पायाला अजून चिखल होता.

"वाजव," फादर त्यांना म्हणाले.

बस्त्यावकाकांनी शीळ घातली. अख्खा दुसरा भाग, पहिल्यापासून. कुठे कुठे कोपरे घासून गुळगुळीत झाले होते, पण भाग तोच. आमचा बँड खाली बघत राहिला.

मी बचावाला उभा राहिलो. म्हटलं, फादर, ती त्यांची सवय आहे, कामाचा भाग आहे, त्यात आनंद कसला.

"त्यालाच विचार," फादर म्हणाले.

बस्त्यावकाकांनी थोडा विचार केला. "झाला की आनंद," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू, फादर? रेड्यालापन झाला."

मी किल्ली खिशातून काढायला लागलो. तेवढ्यात माझं लक्ष एमील साहेबांकडे गेलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण शीळ कळली होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते फादरांसमोर गेले आणि इंग्रजीत म्हणाले की तुम्ही आलात ते बरं झालं. रहाटामागे ज्याची शीळ घालता येते ते नवं संगीत नव्हे. माझ्या हातून चूक झाली, हा भाग मी काढून टाकतो.

फादर रागावायला आले होते. पश्चात्ताप करणारा माणूस त्यांना आयता मिळाला. त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, मला म्हणाले की किल्ली राहू दे, आणि निघून गेले. बस्त्यावकाका गोंधळून उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "माजं काय चुकलं?" मी म्हटलं, काही नाही काका, तुम्ही रहाटाकडे जा.

मग मी साहेबांशी भांडलो. मला राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. मी म्हटलं, पंधरा देशांतले लोक तुमचं ऐकून घेत नाहीत म्हणता. इथे एका माणसाने पहिल्यांदा ऐकलं आणि लक्षात ठेवलं, तर तुम्ही तोच भाग काढता? ते म्हणाले, तिकडे लोकांनी गोड चालींच्या मागे काय काय केलं ते मी बघितलंय. चाली गुणगुणत लोक रस्त्यातून कवायत करत जायचे. मला तसलं लिहायचं नाही. मी लढाईत नाचणाऱ्यांसाठी वाजवत होतो, ते लढाईतून पळत होते.

तरी मी शेवटचं विचारलं. "हा भाग काढला तर सॅक्सोफोनला उरलं काय?"

"शिस्त," ते म्हणाले.

नवा दुसरा भाग त्यांनी लिहून आणला. त्यात सॅक्सोफोनने एक खालचा स्वर धरायचा. मग गप्प बसून बार मोजायचे. बार म्हणजे नोटेशनमधलं एक घर, ठेक्याचा एक हिस्सा. बरेच बार मोजल्यावर पुन्हा एक स्वर, मग पुन्हा मोजणी. मी मोजत बसलो. ढोलवाला डोलायचा थांबला. खिडकीतल्या बाया पाण्याला जाऊ लागल्या आणि वेळेवर घरी पोचू लागल्या. फादर एकदा दारावरून गेले, क्षणभर ऐकलं आणि समाधानाने पुढे गेले.

मुंबईचा कार्यक्रम झाला. नीट झाला. आमच्या बँडने एकही स्वर चुकवला नाही. वसईच्या लग्नांतले वाजंत्री पांढरे शर्ट घालून मुंबईच्या हॉलमध्ये असलं कठीण संगीत वाजवत होते, आणि कोणी हसलं नाही. कमिटीने सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मागून सेक्रेटरी आले, साहेबांचं अभिनंदन केलं, फार इंटरेस्टिंग म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी प्रेमाने, साहेबांना विचारलं, "सॅक्सोफोनचा हा पार्ट आमचा क्लॅरिनेटवाला सहज वाजवेल, नाही का? तो आमच्याकडे आहेच."

एमील साहेब प्रामाणिक माणूस. ते हो म्हणाले.

प्रश्नच मिटला. मी सॅक्सोफोन पुसून पेटीत ठेवला. परत येताना कायतानकाका माझ्या शेजारी बसले होते. वाटेत त्यांनी खिशातली सुपारी काढून अर्धी मला दिली. घरी बायकोने चेहरा बघितला आणि पाय धुवायला गरम पाणी आणून ठेवलं. त्या वेळी मला रडू आलं.

ईस्टर झाला आणि लग्नं सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात बस्त्यावकाकांच्या मुलीचं लग्न. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. बाया डोक्यावर भरल्या घागरी घेऊन रांगेत चालतात, पुढे बँड. या कामात बँडची नेहमीची अडचण होते. लग्नाच्या चाली जलद, घागरी भरलेल्या. दर लग्नात निम्मं पाणी वाटेत सांडतं आणि बाया बँडवाल्यांना शिव्या घालतात.

बस्त्यावकाका त्याच्याही आदल्या दिवशी माझ्याकडे आले. "ती आपली रहाटाची चाल वाजव," ते म्हणाले. "पावलाला बरी हाय. आनि आता उपवास बी नाय."

एमील साहेबांनाही बोलावलं होतं. इतके दिवस ज्याच्या घरी जेवलो त्याच्या मुलीच्या लग्नाला यायला हवं एवढं त्यांना कळत होतं. ते काळा कोट घालून आले.

विहिरीवरून रांग निघाली. मी सुरुवात केली. साथीला बाकीची वाद्यं, खाली ढोलाचा हलका ठेका. तो ढोलवाल्याने स्वतःच्या मनाने घातला होता. सगळ्यात पुढे बस्त्यावकाकांची बायको घागर घेऊन. पावलं पडत होती आणि पाण्याचा थेंब सांडत नव्हता. बाया चालीवर गुणगुणायला लागल्या. फादर चर्चच्या पायरीवर उभे होते, त्यांनी हसून हात हलवला. त्यांच्या दृष्टीने आता आनंद व्हायला हरकत नव्हती.

साहेब माझ्या बाजूने चालत होते. त्यांनी चाल ओळखली की नाही, मला कळेना. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं नाही. एक फेर संपून मी श्वास घेतला, तेव्हा ते कानाशी येऊन म्हणाले, "तिसऱ्या बारमध्ये फ्लॅट आहे. तुम्ही तो सरळ घेताय."

फ्लॅट म्हणजे कोमल, अर्धी पायरी उतरलेला स्वर. तो कोपरा बस्त्यावकाकांच्या शिळेत घासून गेला होता, आणि बँडच्या कानातही तसाच बसला होता.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तर तो अख्खा भागच काढून टाकलात."

"काढला," ते म्हणाले. "पण वाजवायचाच तर नीट वाजवा."

लिहिणाऱ्याचा शब्द, तो मोडायचा कसा? मी पुढच्या फेरीला तिथे कोमल स्वर घेतला. पहिल्या ओळीतल्या बाया थबकल्या. बस्त्यावकाकांच्या बायकोची घागर हिंदकळली आणि पाणी तिच्या नव्या लुगड्यावर सांडलं. तिने वळून माझ्याकडे असं बघितलं की मी लहानपणीसुद्धा कोणाला इतका घाबरलो नव्हतो.

"कोन चुकला रे?" ती म्हणाली.

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग सांडलेल्या पाण्याकडे, मग मागे घागरी सावरून उभ्या असलेल्या रांगेकडे. त्यांना मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला होता. त्यांनी कोटाचं वरचं बटण सोडलं.

"त्यांचं ऐका," ते मला म्हणाले. "चाल त्यांची आहे."

मी स्वर सरळ घेतला आणि रांग चालू लागली. काही महिन्यांनी एमील साहेब बोटीने दुसऱ्या देशात गेले, आणि ते बारा स्वर आमच्याकडे राहिले. पाणी आणताना वसईत बरेच बँड पुढे ती चाल वाजवायला लागले, आणि ती कोणी लिहिली असं विचारायचं कोणाला सुचलं नाही. मी शेवटपर्यंत उभ्यानेच वाजवलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगत आलो. संगीत लिहिणारा भेटला, तर त्याला आधी लग्नाला बोलवा आणि तालमीला मागाहून.